पुस्तक घरीं नेण्याचा अधिकार

ग्रंथालयांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे एक ठराविक तऱ्हा पडून गेली आहे. संस्था कोणत्या सालीं निघाली, पहिली देणगी कोणीं दिली, कोनशिला कोणाच्या हस्तें बसली आणि आजमितीस कपाटांत ग्रंथ किती आहेत, एवढें सांगितलें कीं इतिहास पुरा झाला असें समजण्यांत येतें. ही माहिती निरुपयोगी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ग्रंथालयाचा खरा स्वभाव ओळखावयाचा असेल तर कोनशिलेपेक्षां दाराजवळ टांगलेला नियमांचा कागद वाचणें अधिक उपयोगाचें ठरतें. पुस्तक कोणास मिळेल, किती दिवस मिळेल, अनामत किती ठेवावी लागेल, हरवल्यास काय भरावें लागेल आणि कोणतीं पुस्तकें घरीं नेतां येणार नाहींत, या पांच-सहा कलमांत त्या संस्थेनें आपल्या समाजावर किती विश्वास टाकला आहे याचा हिशेब असतो. पुणें शहरापुरता हा हिशेब मांडून पाहावा आणि तो शेवटीं शाळेच्या ग्रंथालयापर्यंत आणून भिडवावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. कारण नियमांच्या त्या कागदाशीं मनुष्याची पहिली गांठ पडते ती शाळेंत, वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षीं. आणि तेथें जो अनुभव येतो तो पुष्कळदां जन्मभर पुरतो.

छापखाना येण्यापूर्वीं आपल्याकडे ग्रंथ म्हणजे पोथी. ती लिहिण्यास महिनेच्या महिने लागत. कागद, शाई आणि लेखकाचा मोबदला यांचा खर्च निराळाच. दोन फळ्यांमध्यें सुटीं पानें ठेवून वर रुमाल बांधलेली ती वस्तु घरांतील दागिन्यांइतकीच जपली जाई. नक्कल पुरी झाली कीं लेखक शेवटीं वाचकास विनवणी करी कीं, हिला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून सांभाळा व मूर्खाच्या हातीं देऊं नका. ग्रंथालयाच्या आजच्या नियमांचें बीज या विनवणींत आहे. तरीही पोथी उसनी दिली जात असे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जो नेई तो तिची नक्कल करी आणि मूळ प्रत परत पाठवी. म्हणजे त्या उसनवारीनें ग्रंथ कमी न होतां एकाचे दोन होत. आपल्यापर्यंत जें जुनें वाङ्मय पोंचलें तें बहुतांशीं या नकलांच्या सांखळीमुळें पोंचलें.

मात्र ही सांखळी कोणाच्या हातांतून जावी हें आधींच ठरलेलें होतें. शास्त्राची पोथी शास्त्र्याच्या घरून शास्त्र्याच्याच घरीं जाई. महानुभाव पंथानें तर आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून त्यांस अक्षरांचेंच कुलूप घातलें. या बंदोबस्ताला निव्वळ कृपणपणा म्हणून चालणार नाहीं. ज्या वस्तूची दुसरी प्रत मिळण्याची खात्री नाहीं ती वस्तु मनुष्य जपून ठेवणारच. युरोपांतहि निराळी स्थिति नव्हती. इंग्लंडांतील हिअरफर्ड येथील कॅथीड्रलमध्यें सांखळ्यांनीं फळ्यांस जखडलेले ग्रंथ अद्याप पाहावयास मिळतात. वाचकानें ग्रंथापाशीं जावें, ग्रंथानें जागा सोडूं नये, हा दुर्मिळतेचा न्याय दोन्हीकडे सारखाच होता.

हा न्याय पालटण्याचें कारण एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणांत उत्पन्न झालें. पेशवाई जाऊन तीन वर्षें होतात न होतात तोंच, इ. स. १८२१ सालीं, पुण्याच्या विश्रामबाग वाड्यांत सरकारनें संस्कृत पाठशाळा उघडली. पुढल्याच वर्षीं मुंबईस शाळा व शालोपयोगी पुस्तकें यांसाठीं एक मंडळी स्थापन झाली आणि तिच्या आश्रयानें मराठींत क्रमिक पुस्तकें छापून निघूं लागलीं. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचीं 'बाळमित्र' आणि 'इसपनीतिकथा' हीं पुस्तकें १८२८ सालचीं. एकाच पुस्तकाच्या शेंकडों सारख्या प्रती निघाल्या, याचा अर्थ फार मोठा होता. एक प्रत हरवली तरी ग्रंथ हरवत नाहीं, ही स्थिति आपल्या इतिहासांत प्रथमच आली. पोथीला कुलूप घालण्याचें जें सबळ कारण होतें तें येथें संपलें. पण कारण संपलें म्हणून संवय संपत नाहीं. पुढील दोनशें वर्षांत पुण्यांतील ग्रंथालयांचा जो इतिहास घडला तो या संपलेल्या कारणाचा आणि न संपलेल्या संवयीचा इतिहास आहे, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १८४८ हें वर्ष या दृष्टीनें फार बोलकें आहे. त्या सालीं पुण्यांत 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' स्थापन झाली. तिलाच आज आपण पुणें नगर वाचन मंदिर म्हणून ओळखतों. तिच्या उभारणींत गोपाळ हरि देशमुख, म्हणजे लोकहितवादी, हे प्रमुख होते. आणि त्याच वर्षीं त्यांचीं 'शतपत्रें' मुंबईच्या 'प्रभाकर' पत्रांतून प्रसिद्ध होऊं लागलीं. आपल्या लोकांनीं पृथ्वीवरील घडामोडींचें ज्ञान करून घ्यावें, ही तळमळ दोहोंच्या मुळाशीं एकच होती. त्याच शहरांत, त्याच वर्षीं, बुधवार पेठेंतील भिड्यांच्या वाड्यांत जोतीराव फुले यांनीं मुलींची शाळा घातली व सावित्रीबाई तींत शिकवूं लागल्या. एकीकडे पुस्तकें आलीं, दुसरीकडे तीं वाचूं शकतील असे नवे डोळे तयार होऊं लागले. परंतु लायब्ररी वर्गणीवर चालणारी होती. वर्गणी देण्याची ऐपत, लिहितां-वाचतां येणें आणि चारचौघांत जाऊन बसण्याची मोकळीक, या तीन गोष्टी ज्यांच्यापाशीं होत्या त्यांचीच ती झाली. कोणास मज्जाव करणारें कलम नियमांत असण्याची गरजच नव्हती. वर्गणीचें एक कलम तें काम बिनबोभाट करीत असे.

शाळेचें दार तरी सर्वांस उघडें होतें काय? इ. स. १८५६ सालीं धारवाड येथील एका महार विद्यार्थ्यानें सरकारी शाळेंत प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. प्रकरण वरपर्यंत गेलें आणि १८५८ मध्यें, सर्वस्वीं सरकारी खर्चानें चालणाऱ्या शाळा कोणत्याहि जातीच्या मुलांस खुल्या आहेत, असा निर्णय झाला. पुण्यांत फुले यांनीं त्यापूर्वींच महार-मांगांच्या मुलांसाठीं शाळा काढल्या होत्या. त्यांच्या शिक्षणकार्याचा सत्कार १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं मेजर कॅण्डी यांच्या हस्तें झाला, तो त्याच विश्रामबाग वाड्यांत. तथापि निर्णय कागदावर उतरणें निराळें आणि मुलगा वर्गांत बसणें निराळें. तसेंच मुलगा वर्गांत बसणें निराळें आणि पुस्तक त्याच्या हातांत पडून त्याच्या घरीं जाणें आणखी निराळें. दाराला जो उंबरठा असतो तोच कपाटालाहि असतो. कपाटाचा मात्र डोळ्यांस दिसत नाहीं.

स्त्रियांच्या बाबतींत ही गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत, पतीच्या प्रोत्साहनानें शिकत असतांना घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा रोष कसा सोसावा लागला हें सांगितलें आहे. रानड्यांसारख्या घरांत हा प्रकार, तर इतरत्र काय असेल! ज्या काळीं कुलीन स्त्रीनें वाचनालयांत पुरुषांच्या पंक्तीस बसून वर्तमानपत्र वाचणें कल्पनेंतहि नव्हतें, त्या काळीं तिच्यापुरतें ग्रंथालय म्हणजे घरीं आलेलें पुस्तक. नवऱ्याच्या, भावाच्या किंवा मुलाच्या नांवावर तें येई आणि माजघरांत वाचलें जाई. १८८४ सालीं पुण्यांत मुलींचें हायस्कूल, म्हणजे आपली हुजूरपागा, निघाली. पुढें कर्व्यांचें हिंगण्याचें काम उभें राहिलें. आणि शाळेंतून पुस्तक घरीं नेणारी मुलगी आपल्या आईच्या व आजीच्याहि वाचनाची वाहक बनली. म्हणून आमचें असें मत आहे कीं, वाचनकक्ष आणि देवघेव हीं एकाच संस्थेचीं दोन सारख्याच तोलाचीं अंगें नव्हत. वाचनकक्षानें बाहेर पडूं शकणाऱ्यांची सोय केली. देवघेवीनें जे बाहेर पडूं शकत नव्हते त्यांना वाचक बनविलें.

आतां एका विलक्षण विरोधाकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. मुंबई सरकारनें १८६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत संस्कृत हस्तलिखितें जमविण्याचें काम हातीं घेतलें. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं गांवोगांव हिंडून तीं मिळविलीं. हा संग्रह डेक्कन कॉलेजांत होता. ६ जुलै १९१७ रोजीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाल्यावर, १९१८ सालीं तो तेथें आला. या संग्रहांतील पोथ्या, ज्यांना खरोखरच दुसरी प्रत नव्हती अशासुद्धां, लेखी हमी घेऊन परगांवच्या व परदेशच्या पंडितांस अभ्यासासाठीं दिल्या जात. त्या औदार्याचें फळ काय मिळालें हें जगास ठाऊक आहे. १९१९ सालीं त्या संस्थेनें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीस प्रारंभ केला. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं १९२५ पासून १९४३ सालीं निधन होईपर्यंत तिचें संपादकत्व वाहिलें. आणि १९६६ सालीं तें कार्य पुरें झालें. त्यासाठीं १,२५९ हस्तलिखितें तपासण्यांत आलीं. तीं देशभरच्या मठांतून, संस्थानांतून आणि खासगी घरांतून आपले रुमाल सोडून संपादकांच्या नजरेखालीं आलीं नसतीं, तर हें काम एक पाऊलहि पुढें सरकलें नसतें. म्हणजे ज्या शहरानें जगांतील अत्यंत दुर्मिळ पोथ्या विश्वासानें देण्याघेण्याचा धडा घालून दिला, त्याच शहरांत बाजारांत हव्या तितक्या प्रती मिळणारें गोष्टींचें पुस्तक शाळेच्या कपाटांत कुलुपाआड राहिलें. पंडितावर विश्वास बसला, पोरावर बसला नाहीं.

असें कां व्हावें? याचें उत्तर शिक्षकांच्या मनाच्या कोतेपणांत शोधणें अन्यायाचें होईल. १८५४ सालच्या वुडच्या खलित्यानंतर खासगी शाळांस सरकारी मदत मिळण्याची पद्धति आली. मदत आली कीं हिशेब आला, हिशेब आला कीं तपासणी आली. शाळेंतील बाक, फळा, घड्याळ आणि नकाशे यांच्याबरोबर पुस्तकहि 'डेड स्टॉक'च्या वहींत जाऊन बसलें. बाक जितकें कमी वापरावें तितकें अधिक टिकतें; पुस्तकाचा धर्म याच्या उलट आहे. पण वहीला हा भेद कळत नाहीं. वर्षअखेर मोजदाद करणाऱ्यास दाखल क्रमांकाप्रमाणें पुस्तक जाग्यावर दिसलें म्हणजे झालें. तें कोणीं उघडलें कीं नाहीं हें विचारण्यास त्या वहींत रकानाच नसतो. आणि एखादें पुस्तक कमी भरलें तर जबाबदार कोण? ज्याच्या कमरेला किल्ली तो. ग्रंथालयाचें काम बहुधा एखाद्या शिक्षकाकडे, त्याच्या तासांखेरीज, बिनपगारी सोंपविलेलें असतें. अशा स्थितींत त्यानें कपाट न उघडणें हेंच शहाणपणाचें ठरविलें, तर दोष त्या बिचाऱ्यापेक्षां त्या व्यवस्थेचा अधिक आहे.

ही व्यवस्था याहून निराळी करतां येते, हें आपल्या शेजारच्या बडोदें संस्थानानें शंभर वर्षांपूर्वीं दाखवून दिलें. सयाजीराव गायकवाड महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली प्रांतांत आणि १९०६ सालीं सबंध राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. पण शाळेंत मिळालेली अक्षरओळख पुस्तकाच्या अभावीं चार-दोन वर्षांत पुसून जाते, हें त्यांच्या लक्षांत आलें. म्हणून १९१० सालीं त्यांनीं अमेरिकेंतून बोर्डन नांवाच्या ग्रंथालयतज्ज्ञास आणून ग्रंथालयांचें खातें उभें केलें. खेड्याच्या लोकांनीं एक तृतीयांश रक्कम जमविली कीं प्रांत पंचायत एक तृतीयांश व सरकार एक तृतीयांश घाली, आणि गांवांत ग्रंथालय उभें राही. जेथें तेंहि शक्य नव्हतें तेथें पुस्तकांनीं भरलेल्या लांकडी पेट्या फिरत्या ठेविल्या; त्यांच्या नेआणीचा खर्च सरकार सोसी. पेटीचा कारभार पुष्कळ ठिकाणीं गांवच्या शाळामास्तराच्याच हातीं असे. येथेंहि किल्ली मास्तराकडेच होती. पण पेटी फिरविण्यासाठींच होती, सांभाळून ठेवण्यासाठीं नव्हती. सगळा फरक एवढाच, आणि एवढाच पुरेसा आहे. आपल्या मुंबई इलाख्यांत मात्र सक्तीच्या शिक्षणाचीच वाट अडली होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत आणलेलें प्राथमिक शिक्षणाचें बिल मार्च १९१२ मध्यें १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. जेथें अक्षराचाच हक्क नाकारला गेला तेथें पुस्तकाच्या हक्काची गोष्ट कोण काढणार?

तरीहि पुण्यांतील लोक स्वस्थ बसले नव्हते. १९११ सालीं पुणें मराठी ग्रंथालय निघालें. १९३९ सालीं मुंबई सरकारनें फैजी यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिनें मध्यवर्ती ग्रंथालयापासून प्रादेशिक, जिल्हा, तालुका आणि खेडें येथपर्यंत ग्रंथालयांची उतरंड सुचविली. स्वातंत्र्यानंतर, महाराष्ट्र राज्य झाल्यावर, १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. आणि २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें तर प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असावें, त्यांत वर्तमानपत्रें, मासिकें, सर्व विषयांचीं पुस्तकें आणि गोष्टींचींहि पुस्तकें असावींत, असें स्पष्ट लिहून ठेवलें. १८५८ सालच्या निर्णयानें शाळेचें दार उघडलें, २००९ सालच्या कायद्यानें कपाट शाळेंत आणून ठेवलें. कपाट उघडणें मात्र कायद्याच्या हातांत नाहीं. तें शाळेच्या नियमांच्या हातांत आहे.

आम्ही गेलीं पंचवीस-तीस वर्षें महाविद्यालयांत शिकवीत आहों. पहिल्या वर्षास येणाऱ्या मुलांत दरसाल कांहीं मुलें अशीं भेटतात कीं, त्यांनीं शाळेंतून एकहि पुस्तक कधीं घरीं नेलेलें नसतें. शाळेंत पुस्तकें होतीं, कपाटाच्या कांचेंतून तीं दिसत, पण मागावीं कशीं आणि कोणाकडे हें कोणीं सांगितलें नाहीं. अशीं मुलें मोठ्या ग्रंथालयांत आलीं म्हणजे सूची पाहावयास बिचकतात, ग्रंथपालास प्रश्न विचारण्यास संकोचतात आणि अखेर बाजारांतील मार्गदर्शिकेवर निभावून नेतात. ज्यांच्या घरीं पुस्तकांची फळी आहे त्यांचें शाळेच्या बंद कपाटावांचून अडत नाहीं. ज्यांच्या घरीं ती नाहीं त्यांना दुसरें कपाट कोठें आहे? बंद कपाटाचा तोटा सर्वांस सारखा वांटला जात नाहीं, हा या विषयांतील मर्माचा मुद्दा आहे.

तेव्हां शाळांच्या चालकांपुढें आणि पालकांपुढें कांहीं सूचना ठेवणें अप्रस्तुत होणार नाहीं. पहिली ही कीं, मुलास पुस्तक स्वतःच्या हातानें फळीवरून काढूं द्यावें. यादींतून क्रमांक सांगून मिळालेलें पुस्तक आणि चाळून, चित्रें पाहून, दोन ओळी वाचून निवडलेलें पुस्तक यांत फार अंतर आहे. दुसरी, शाळेच्या कार्डासाठीं अनामत घेऊं नये. १८४८ सालीं वर्गणीच्या कलमानें जें केलें तेंच आज अनामतीचें कलम करतें. तिसरी, दंड पैशांत न घेतां कामांत घ्यावा. उशीर करणाऱ्यानें फाटकीं पानें चिकटवावींत, पुस्तकांस कव्हरें घालावींत. म्हणजे दंडाबरोबर ममताहि उत्पन्न होईल. चौथी सूचना सुट्टीसंबंधानें. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीं सर्व पुस्तकें परत मागविण्याची चाल फार रूढ आहे. मोजदादीस ती सोयीची खरी. पण ज्या दिवसांत मुलांस वेळच वेळ असतो नेमक्या त्याच दिवसांत पुस्तकें कुलुपांत विश्रांति घेतात. मोजदाद दिवाळींत करावी, आणि उन्हाळ्यांत प्रत्येक मुलाच्या घरीं दोन तरी पुस्तकें असावींत. पांचवी व सर्वांत महत्त्वाची, दरसाल ठराविक प्रमाणांत पुस्तकें झिजणार, हरवणार हें गृहीत धरून तीं वहींतून निर्लेखित करण्याचा अधिकार मुख्याध्यापकांस असावा व तो त्यांनीं न भितां वापरावा. किल्लीवाल्या शिक्षकाच्या मानेवरचें ओझें उतरल्याखेरीज कपाट उघडणार नाहीं.

मुलांचींहि कर्तव्यें आहेत. पान दुमडूं नये, समासांत शाई चालवूं नये, जेवतांना पुस्तक ताटाशेजारीं ठेवूं नये आणि मुदतीच्या दिवशीं परत करावें. हीं कर्तव्यें भीति घालून शिकवूं नयेत. आपण परत केलें नाहीं तर आपल्याच वर्गांतील कोणीतरी त्या पुस्तकाची वाट पाहात राहतो, एवढें एकदां पटलें कीं पुरे. उसन्या वस्तूची जबाबदारी ही नागरिकत्वाची पहिली शिकवण आहे, आणि ती उसनें दिल्यावांचून देतां येत नाहीं.

पुस्तकें हरवतील, असा आक्षेप येईल. हरवतील. परंतु पुण्यांतील ग्रंथांचा नाश वाचकांनींच केला आहे असें इतिहास सांगत नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें, तेव्हां तें कोणत्याहि कुलुपासाठीं थांबलें नाहीं. ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर संस्थेंत जमाव घुसून नासधूस झाली, ती कांहीं पुस्तक उसनें नेणाऱ्यांनीं केली नाहीं. वाळवी, ओल आणि विस्मृति यांनीं तर बंद कपाटांतच आपलें काम केलें आहे. मद्रासच्या रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम सांगतांना, ग्रंथ हे वापरासाठीं आहेत, हाच नियम आरंभीं ठेवला. इतकी उघड गोष्ट त्यांना नियम म्हणून सांगावी लागली यांतच आपली स्थिति दिसून येते. शाळेच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची एक चिठ्ठी डकविलेली असते. वार्षिक तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यानें आणि शाळेंत मूल घालणाऱ्या पालकानें पुस्तकांची संख्या विचारण्याऐवजीं कोणतींहि दहा पुस्तकें काढून ती चिठ्ठी पाहावी. ती कोरी आढळली तर, वहींत पुस्तक असलें तरी शाळेंत तें नाहीं, असा शेरा खुशाल मारावा.